चार तळहात रबर

१८०३ सालच्या डिसेंबरात कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेने एलिचपुराकडून, म्हणजे आजच्या अचलपुराकडून, गाविलगडाच्या उत्तर अंगास जाण्यासाठी सातपुड्यातली जी दिशा धरली, तिथे तोफांच्या चाकांना चालण्याजोगी वाटच नव्हती; तेव्हा ७ तारखेपासून १२ तारखेपर्यंत असा शिरस्ता चालला की शिपायांनी आधी डोंगर फोडून रस्ता करावा आणि मग त्याच शिपायांनी तटबंदी पाडण्याच्या जड तोफा हातांनी ओढून दऱ्याखोऱ्यांतून पुढे न्याव्यात. १५ डिसेंबरला गड पडला, १७ तारखेला देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाडचा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या हातून गेला. इतिहासकार या प्रकरणाकडे राजकारणाच्या दृष्टीने पाहतात, ते योग्यच आहे. मला मात्र त्यातला यांत्रिक भाग अधिक ओढून घेतो. जड वस्तू, गोल चाक, उभा डोंगर आणि हिवाळा या चार गोष्टी एकत्र आल्या म्हणजे काय होते, याचा हिशेब त्या सहा दिवसांत जसा मांडला गेला, तसाच तो आजही मांडावा लागतो; फरक एवढाच की आता तोफेच्या जागी मोटार आहे आणि दोर ओढणाऱ्या पलटणीचे काम बोनेटखालचे इंजिन करते.

या विचाराला निमित्त झाले ते माझ्या एका वकील स्नेह्यांचे. पन्नाशी उलटल्यावर, मुले मार्गी लागल्यावर आणि वैद्यांनी दगदग कमी करण्याचा सल्ला दिल्यावर, या गृहस्थांनी दोन आसनांची, जमिनीला जवळजवळ टेकलेली, पिवळ्या रंगाची स्पोर्ट्स कार घेतली. आणि पौषातल्या एका पहाटे तिला पचमढी दाखवण्याचा संकल्प सोडून मला शेजारच्या आसनावर बसवले. बसवले म्हणण्यापेक्षा उतरवले म्हणणे अधिक खरे, कारण त्या आसनात शिरणे हे आडात उतरण्यासारखेच होते. पुढे रामाकोन्याच्या टपरीवर चहा देणाऱ्याने गाडीला एक प्रदक्षिणा घातली आणि अत्यंत गंभीरपणे विचारले, "भाऊ, हिच्यात बसता का निजता?" वकिलीत पंचवीस वर्षे घालवूनही माझ्या स्नेह्यांना या उलटतपासणीचे उत्तर सुचले नाही.

नागपूरकराने हिवाळ्यात मोटार काढली तर त्याच्यापुढे डोंगरांचे दोन पर्याय असतात: अमरावती-परतवाडा मार्गे चिखलदरा, किंवा छिंदवाडा-तामिया मार्गे पचमढी. आम्ही दुसरा घेतला. त्यात जुन्या नात्याचा ओढाही होता. कारण मध्य प्रांताची राजधानी नागपूर होती तेव्हा उन्हाळा लागला की सरकारी दफ्तराचा बराच लवाजमा पचमढीस चढत असे, आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत ही दोन्ही गावे एकाच राज्यकारभाराखाली होती. नागपूरच्या झीरो माइलच्या दगडाशी समुद्रसपाटीपासूनची उंची १,०२० फुटांहून किंचित अधिक, म्हणजे सुमारे ३११ मीटर भरते. पचमढी १,०६७ मीटरांवर आहे. मधले अंतर अडीचशे किलोमीटरांच्या आसपास. म्हणजे अडीचशे किलोमीटर धावून पाऊण किलोमीटर वर चढायचे. आकड्यांत हे काम अगदी किरकोळ दिसते. पण ही चढण सारखी वाटलेली नाही. तिचा बराचसा भाग सिल्लेवानीचा घाट आणि मटकुलीपासून पचमढीपर्यंतची वाट या दोन ठिकाणी साठलेला आहे, आणि मोटारीची परीक्षा तिथेच होते.

परीक्षा मोटारीची म्हणतो खरे, पण मोटारीचा रस्त्याशी संबंध किती असतो, हे एकदा मोजून पाहावे. दीड टन वजनाच्या गाडीच्या प्रत्येक चाकावर सुमारे पावणेचारशे किलोग्रॅम भार येतो. टायरमधल्या हवेचा दाब ३३ पौंड धरला तर तो भार पेलण्यासाठी रबराला रस्त्यावर साधारण १६० चौरस सेंटिमीटर पसरावे लागते. मोठ्या माणसाने रस्त्यावर बोटांसकट तळहात टेकला तर जेवढी जागा व्यापेल, जवळजवळ तेवढीच ही जागा. असे चार तळहात. इंजिन चारशे अश्वशक्तींचे असो, कातडी आसने इटलीहून आलेली असोत, ब्रेकची तबकडी परातीएवढी असो. वेग घेणे, वळणे आणि थांबणे ही तिन्ही कामे शेवटी या चार तळहातांच्या रजामंदीनेच होतात. स्पोर्ट्स कार विकत घेणारे लोक इंजिनाची चौकशी तासभर करतात आणि टायरची पाच मिनिटे, याचे मला नेहमीच आश्चर्य वाटत आले आहे.

हिवाळा या व्यवहारात कोणाच्या बाजूने उभा राहतो? त्याचे उत्तर दुहेरी आहे. इंजिनाच्या तो निःसंशय बाजूचा आहे. पेट्रोल जळायला वजनाने सुमारे पावणेपंधरा पट हवा लागते, आणि हवा जितकी थंड तितकी ती दाट. सिलिंडरची जागा ठरलेली असल्यामुळे थंड दिवशी तेवढ्याच जागेत प्राणवायू अधिक मावतो. मे महिन्यातल्या ४२ अंशांच्या दुपारच्या हवेपेक्षा पौषातल्या ७ अंशांच्या पहाटेची हवा, दाब तोच असल्यास, सुमारे साडेबारा टक्के जड असते. उलट, उंचीवर हवेचा दाब घटतो; नागपूरपेक्षा पचमढीस तो सुमारे ९ टक्क्यांनी कमी असतो. आता या दोहोंचा गुणाकार केला तर मोठी गमतीची गोष्ट हाती लागते: उन्हाळ्यातल्या दुपारी नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये इंजिन जेवढी दाट हवा ओढते, जवळपास तेवढीच, किंबहुना किंचित अधिक दाट हवा त्याला पौषातल्या पहाटे पचमढीच्या पठारावर मिळते. डोंगराने जे काढून घेतले ते थंडीने परत केले. ज्या गाड्यांना टर्बो असतो त्या हवा दाबूनच आत घेत असल्यामुळे त्यांना उंचीची झळ फारशी लागत नाही. पण त्यांनाही थंड हवा आवडते, कारण दाबलेली हवा तापते आणि ती पुन्हा निववण्याचे काम बाहेरच्या गारव्यावर अवलंबून असते. पहाटेच्या वेळी गाडी हलकी वाटते, ती हसऱ्या मुलासारखी पळते, असे चालक म्हणतात. तो केवळ मनाचा खेळ नसून त्यामागे असा रोकडा हिशेब आहे.

टायरच्या मात्र हिवाळा बाजूचा नाही. रबर ही मोठी चमत्कारिक वस्तू आहे. उष्ण असताना ती डांबराच्या बारीक खाचांत शिरून त्यांना धरते, आणि थंड झाली की कातड्यासारखी ताठ होते. वेगवान गाड्यांना जे मऊ, उन्हाळी जातीचे टायर बसवलेले असतात, त्यांची पकड ७ अंशांच्या खाली लक्षात येण्याइतकी घटते. म्हणूनच युरोपात थंडी पडली की लोक टायरांचा दुसरा संच चढवतात, आणि जर्मनीत तर बर्फाळ रस्त्यावर हिवाळी टायर असणे कायद्यानेच बंधनकारक आहे. नागपूरकराला वाटेल की हे आपल्या मुलखाला लागू नाही. परंतु २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, आणि पचमढीस गवतावर दवाचे गोठलेले कण पाहण्यासाठी तितका दुर्मिळ योग लागत नाही. शिवाय दुपारच्या ३० अंशांत ३३ पौंड भरलेली हवा पहाटेच्या ७ अंशांत साडेतीन पौंडांनी आकसते. डोंगरावर चढल्यावर बाहेरचा दाब कमी झाल्याने काटा पौंड-सव्वा पौंड पुन्हा वर जातो, पण तेवढ्याने तूट भरून निघत नाही. हवा भरायची ती गाडी थंड असताना, निघण्याच्या दिवशी सकाळी; आदल्या संध्याकाळी पेट्रोल भरताना उरकून घेतलेले हे काम जवळजवळ फुकट जाते. टायर धावू लागला की दर फेऱ्याला दबून-उसळून आपोआप ऊबतो, परंतु त्याला काही किलोमीटर लागतात, आणि नेमक्या त्याच पहिल्या काही किलोमीटरांत, रस्ता मोकळा आहे असे पाहून, चालकाचा पाय जड झालेला असतो.

आम्ही पहाटे पाच वाजता निघालो होतो. हा नागपूरकरांचा जुना रिवाज आहे. लांबचा पल्ला असला की अंधारात निघायचे, म्हणजे नाश्त्यापर्यंत निम्मी वाट सरते. सावनेर मागे पडले आणि सौंसरच्या अलीकडे आम्ही धुक्यात शिरलो. हा मुलूख राज्याच्या सरहद्दीपलीकडे, आता नव्या पांढुर्णा जिल्ह्यात. पण दुकानांच्या पाट्या सोडल्या तर बोलीवरून, संत्र्यांच्या बागांवरून आणि जामसावळीच्या मारुतीला जाणाऱ्या माणसांच्या वेषावरून आपण महाराष्ट्र ओलांडल्याचे कळत नाही. इथले धुके समुद्रावरून येत नाही, ते जमिनीतून उगवते. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की रात्रभर भूमी आपली उष्णता आकाशाला देऊन टाकते, तिच्या अंगालगतची हवा गारठते, आणि गार हवा जड असल्यामुळे पाण्यासारखी वाहत सखल भागात, कन्हानसारख्या नद्यांच्या खोऱ्यांत जाऊन साचते; तिथे ओल असतेच, तिचे धुके होते. या कारणाने हिवाळ्यातल्या पहाटे तळ थंड आणि टेकडी ऊबदार असा उलटा कारभार पाहायला मिळतो. सिल्लेवानीचा घाट चढून वर आलो तेव्हा खाली कापूस पिंजून ठेवल्यासारखे धुके पसरले होते आणि आमच्या डोक्यावर स्वच्छ ऊन होते. गाडीच्या तापमापकातला आकडा चढावर वाढलेला पाहून माझ्या स्नेह्यांनी तो बिघडल्याचा निकाल दिला, तो मला फिरवावा लागला.

धुक्यात गाडी चालवण्याविषयी लिहायचे तर एकच हिशेब पुरे आहे. ताशी ८० किलोमीटरांनी जाणारी गाडी, चालकाला धोका दिसून त्याचा पाय ब्रेकवर पडेपर्यंतच्या अडीच सेकंदांत ५५ मीटर जाते, आणि मग थांबेपर्यंत आणखी. आपल्याकडचे रस्ते आखणारे अभियंते या वेगासाठी एकूण १२० मीटर दृष्टिअंतर धरतात. धुक्यात ३० मीटर दिसत असताना ८० ची गती ठेवणे म्हणजे डोळे मिटून ९० मीटर चालण्याचा प्रकार आहे. त्यातही स्पोर्ट्स कारच्या चालकावर एक अन्याय आहे, तो फारसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ते अभियंते रस्त्याचा चढउतार आखताना चालकाचा डोळा जमिनीपासून १.२ मीटर उंच आहे असे गृहीत धरतात; ही गाडी चालवणाऱ्याचा डोळा त्याहून वीतभर खाली असतो. परिणामी चढाच्या माथ्यापलीकडून येणारा ट्रक बसच्या चालकाला जेव्हा दिसतो, तेव्हा याला अजून आभाळच दिसत असते. सर्वांत वेगवान गाडीला सर्वांत आखूड नजर, असा हा न्याय आहे.

आणि मग गतिरोधक. या विषयावर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण भारतात स्पोर्ट्स कारच्या मालकाच्या निद्रानाशाचे ते पहिले कारण आहे, आणि त्याविषयी एक मोठा गैरसमज रूढ आहे. गैरसमज असा की गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि गाडीचे पोटही जमिनीपासून दहा-बारा सेंटिमीटर, म्हणजे ते घासणारच. प्रमाणित गतिरोधकाचे माप रस्तेबांधणीच्या संहितेत दिलेले आहे: उंची १० सेंटिमीटर, रुंदी ३.७ मीटर, आणि पाठ १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाच्या कमानीची. आता पुढच्या आणि मागच्या चाकांत २.४५ मीटर अंतर असलेली गाडी त्याच्या बरोबर मध्यावर आली असे समजा. तिची चारही चाके त्या वेळी गतिरोधकाच्याच पाठीवर असतात, आणि चाकांची पातळी माथ्यापेक्षा फक्त साडेचार सेंटिमीटर खाली असते. म्हणजे पोटाला साडेचार सेंटिमीटर जागा पुरते. दहा सेंटिमीटर असलेली गाडी निर्धास्त पार होते. नाकाचा ओठ मात्र चाकांच्या पुढे लोंबत असल्याने चढताना टेकू शकतो, म्हणून हळू आणि किंचित तिरके जावे. मग घासतात ते कोणते? घासतात ते संहितेची ओळखदेख नसलेले, हातभर रुंद आणि वीतभर उंच, रातोरात उभे राहिलेले बांध. एखाद्या गावच्या पोराला ट्रकचा धक्का लागतो, गाव रस्त्यावर उतरते, आणि दुसऱ्या दिवशी मुरूम, डांबर, खडी मिळेल त्याचा एक ओबडधोबड वरवंटा रस्त्यावर आडवा पडतो. त्या गावाला मी दोष देणार नाही. आपले पोर गेले असते तर आपणही तेच केले असते. पण अशा बांधावर पुढची चाके उतरली की पोट सरळ माथ्यावर बसते. छिंदवाड्याच्या अलीकडे आमचे तसे झाले. जो आवाज झाला तो ऐकून वकीलसाहेबांच्या चेहऱ्यावर जे उमटले, ते मी त्यांच्या खटल्यांच्या निकालानंतरही कधी पाहिलेले नाही. उतरून पाहिले, खालची संरक्षक पट्टी खरवडली होती, तेलाची टाकी शाबूत होती. त्यानंतर प्रत्येक बांधाला मी खाली उतरून पुढे उभा राहायचो आणि हाताने खुणा करायचो, इतक्या सरळ पातळीवर आमची स्पोर्ट्स कार आली.

तामियाला थांबून पाताळकोटाची दरी पाहिली. हजार-दीड हजार फूट खोल, उभ्या कड्यांनी वेढलेल्या त्या तळाशी भारिया आणि गोंड लोकांच्या वस्त्या आहेत. सकाळी दहा वाजेपर्यंत त्या दुधात बुडाल्यासारख्या होत्या. खरे तर त्या दरीवर स्वतंत्र लेखच हवा.

मटकुलीला देनवा नदी ओलांडली की पचमढीचा चढ लागतो, आणि इथे गाडीच्या ठेंगणेपणाचा गुण प्रथमच उपयोगी पडतो. वळणावर गाडीला बाहेर फेकणारा जोर तिच्या गुरुत्वमध्याशी लागतो आणि तिला धरून ठेवणारा जोर जमिनीशी. गुरुत्वमध्य जितका उंच तितकी ती उलटण्याची शक्यता अधिक. उंच जीप गाडी घसरण्याच्या आणि कलंडण्याच्या सीमेवर हिंदोळते. स्पोर्ट्स कार कलंडत नाही, ती घसरते. हे सुख आहे, पण अर्धेच. कारण घाटात घसरण्याला जागा नसते. १५ मीटर त्रिज्येचे एक वळण घ्या. कोरड्या डांबरावर रबराची पकड चांगली असली तर ते ताशी ३६ किलोमीटरांच्या सुमाराला सुटू लागते. ओल्या पानांवर पकड निम्मी झाली तर २६ ला. पकड निम्मी होते तेव्हा गती निम्मी होत नाही, कारण ओढ गतीच्या वर्गाने वाढते. केवळ १० किलोमीटरांचा फरक पडतो, आणि गतिमापकाच्या काट्यावर तो नखाएवढाही दिसत नाही. ज्याला ताशी २५० ची सवय लावलेली आहे अशा यंत्राला २६ आणि ३६ यांत जीवनमरणाचे अंतर आहे हे पटवणे कठीण, हे मी समजू शकतो.

ओली पाने ही गोष्ट मी कल्पनेने घातलेली नाही. सागाची पानगळ हिवाळ्यात सुरू होते, आणि त्याचे पान सुपाएवढे असते. दवाने भिजलेले असे पान डांबरावर पडले की ते साबणाच्या वडीचे काम करते. पचमढीचा हा रस्ता उत्तरेकडून चढतो, आणि डिसेंबरच्या अखेरीस इथे सूर्य भर मध्यान्हीसुद्धा क्षितिजापासून ४४ अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे डोंगराच्या उत्तर उतारावरच्या वळणांना दहा-अकरा वाजेपर्यंत ऊन शिवत नाही. लागोपाठची दोन वळणे, एक कोरडे खणखणीत आणि दुसरे सावलीतले ओले, अशी गाठ पडते. आणि पहिल्याने दिलेल्या भरवशावर चालक दुसऱ्यात शिरतो. तिथे पकड सुटतेसे वाटले की नवशिक्याचा पाय आपोआप ॲक्सिलरेटरवरून उठतो. ज्या गाड्यांचे इंजिन मागच्या चाकांच्याही मागे असते, जसे पोर्शे ९११ चे, त्यांच्या बाबतीत हे पाय उचलणे घातक ठरू शकते. वजन एकाएकी पुढे सरकते, मागची चाके हलकी होतात आणि शेपूट पुढे जायला पाहते. आताच्या गाड्यांत ही चूक सावरणारी विजेची यंत्रणा असते, पण तिलाही काम करायला तेच चार तळहात मिळतात, पाचवा नाही.

हिवाळी डोंगरात वेगवान गाड्या नेण्याचा जगातला सर्वांत प्रसिद्ध उपक्रम म्हणजे माँटे कार्लोची शर्यत. ती १९११ सालापासून चालत आली आहे आणि भर जानेवारीत आल्प्सच्या घाटांतून जाते. १९६४ साली ती पॅडी हॉपकर्कने जिंकली, आणि तीही मिनी कूपर या काडेपेटीएवढ्या गाडीतून, मोठमोठ्या इंजिनांना मागे टाकून. पुढे १९६८ ते १९७० अशी सलग तीन वर्षे पोर्शे ९११ पहिली आली. तिथे एकाच टप्प्यात कोरडे डांबर, ओला रस्ता आणि बर्फ असे तिन्ही लागत असल्याने, कोणते टायर चढवून निघायचे या निर्णयावरच अनेकदा निकाल फिरतो. आपल्याकडे हिमालयात मनालीच्या पुढे जाणाऱ्यांनाही हाच प्रश्न पडतो: रस्त्यावर काचेसारखा पारदर्शक बर्फाचा थर असला की वर सांगितलेले वळण ताशी १४ किलोमीटरांनाच सुटते, आणि तो थर डोळ्यांना दिसत नाही. ज्याने नागपुरात घेतलेल्या टायरांवर तिकडे जाण्याचा बेत केला असेल, त्याने तो रद्द करावा.

चढण्यापेक्षा उतरणे कठीण, हे बैलगाडीवानालाही ठाऊक होते. दीड टनाची गाडी ५०० मीटर खाली आली की जेवढी ऊर्जा मोकळी होते, तिने बावीस लिटर थंड पाणी उकळेल. ती ऊर्जा ब्रेकच्या तबकड्यांतच जिरवायची ठरवली तर त्या लाल होतात. त्याहून वाईट म्हणजे ब्रेकच्या नळ्यांतले तेल. ते हवेतली ओल शोषते. ताजे असताना २३० अंशांपर्यंत न उकळणारे नेहमीचे तेल, दोन-तीन पावसाळे पाहिल्यावर १५५ च्या आसपासही उकळू शकते. तेल उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि ब्रेकचा पाय जमिनीपर्यंत जाऊनही गाडी थांबत नाही. यावरचा उपाय जुने ड्रायव्हर एका वाक्यात सांगतात: ज्या गिअरात चढलात त्याच गिअरात उतरा. इंजिनालाच गाडी अडवू द्यावी, ब्रेक अधूनमधून आणि नेटका वापरावा, सतत पाय ठेवून तो शिजवू नये. आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीतही हाताने खालचा गिअर धरून ठेवण्याची सोय असते. माझ्या स्नेह्यांनी ती त्या दिवशी प्रथम वापरली. समोरून चढणारे वाहन आले तर उतरणाऱ्याने थांबून वाट द्यावी, हा नियमही घाटात पाळला गेला पाहिजे. चढावर थांबलेल्या भरल्या ट्रकला पुन्हा उचलणे किती जड असते, हे हलक्या गाडीत बसून कळत नाही.

आवाजाबद्दल एक गोष्ट राहिली. स्पोर्ट्स कारच्या सायलेन्सरमधून निघणाऱ्या गर्जनेवर तिच्या किमतीचा बराच हिस्सा खर्च झालेला असतो, हे खरे. पण वर सांगितलेल्या उलट्या तापमानाचा एक परिणाम असा की वर जाणारा ध्वनी ऊबदार थरातून वाकून पुन्हा जमिनीकडे येतो आणि थंड पहाटे एरवीपेक्षा पुष्कळ दूर ऐकू येतो. पचमढीच्या भोवतीचे रान सातपुडा व्याघ्र प्रकल्पाचे आहे. तिथे पहाटे इंजिन घुमवणे हा माझ्या मते सरळसरळ असभ्यपणा आहे, आणि मी तसे गाडीतच बोलून दाखवले.

तेव्हा पहाटे पाचचा रिवाज मोडावा, असे माझे मत झाले. २१ डिसेंबरच्या सुमारास नागपुरात सूर्य पावणेसातच्या पुढे उगवतो आणि साडेपाचनंतर लगेच मावळतो. सकाळी आठला निघाले तर कन्हानकाठचे धुके बव्हंशी विरलेले असते, टायरला ऊन मिळते, घाटातली ओली वळणे आपण पोचेपर्यंत सुकू लागतात, आणि वाटेत जेवूनही उजेड असताना मुक्कामी पोचता येते. पहाटेच्या दाट हवेने इंजिनाला दिलेले दहा-बारा टक्के त्यात थोडे कमी होतील; पण त्यांचा उपयोग करण्याजोगा सरळ रस्ता या वाटेवर आहेच कुठे?

१८६२ सालच्या हिवाळ्यात कॅप्टन जेम्स फोर्सिथ पचमढीच्या या पठारावर चढला आणि त्याने इथे बायसन लॉज बांधले. त्याच्या सातपुड्यातल्या भटकंतीचे पुस्तक १८७१ साली निघाले. ते बायसन लॉज आजही उभे आहे. आम्ही गाडी तिथे लावली आणि धूपगडावर सूर्यास्त पाहायला जाण्याची चौकशी केली. १,३५२ मीटर उंचीचा धूपगड हे साऱ्या सातपुड्याचे सर्वोच्च शिखर. तिथवर आपली गाडी न्यायची, हाच माझ्या स्नेह्यांचा मूळ संकल्प होता. खिडकीमागच्या माणसाने पिवळ्या गाडीकडे एकवार पाहिले आणि सांगितले की त्या वाटेवर खाजगी मोटारी सोडत नाहीत. परवान्याची जीप भाड्याने घ्यावी लागेल. आम्ही ती घेतली, आणि तिच्यात बसताना मला पाऊल खाली नव्हे, वर टाकावे लागले.